बेसबॉलवाल्याची बायको

थिएटरात जाऊन मी इंग्लिश पिक्चर फारसे पाहिलेले नाहीत. त्यामुळे त्यातला हा सगळ्यात वाईट होता असं म्हटलं तर त्याला किती अर्थ आहे, मला माहीत नाही. तरी म्हणते. अमेरिकेतल्या एका बेसबॉल खेळाडूच्या लग्नाची गोष्ट होती ती. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्या मुलींनी त्यावर बदाम टाकले होते. कदाचित माझंच काही चुकत असेल. पण तो पिक्चर आठवला की मला अजून शिसारी येते, आणि ती का येते हे एकदा नीट लिहून बघावं असं बरेच दिवस मनात होतं.

तेव्हा ताई सासरहून नायगावला आमच्याकडे येऊन राहिली होती. आमची बीडीडी चाळीतली एक खोली. बाबा एका ऑफिसात शिपाई, आई पोळीभाजी केंद्रात चपात्या लाटते आणि मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ताईने बारावीनंतर लॅबचा कोर्स केला होता आणि परळच्या एका लॅबमध्ये ती रक्त काढायची. तिचा हात इतका हलका होता की म्हातारे पेशंट तिच्यासाठी थांबून राहायचे. लग्नानंतर तिने ते काम सोडलं.

भावोजी लालबागचे, कबड्डीतले नावाजलेले. खेळावरच त्यांना नोकरी लागली. आमच्याकडे अशा स्थळाला कोणी नाही म्हणत नाही. लग्नात त्यांच्या मंडळाची सगळी पोरं टीमच्या जर्सीवर आली होती आणि आईला ते फार भारी वाटलं होतं. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आतच एका सामन्यात त्यांना तिघांनी मिळून धरलं, आणि खाली पडताना गुडघा फिरला.

ताईची सासू हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो, पण पायगुण बघायचा राहिला आमच्याकडून." ताईने ते ऐकून घेतलं. म्हातारं माणूस, बोलतं. पुढे भावोजी पट्टा बांधून परत खेळायला लागले, तर टीममधली पोरं गमतीने म्हणाली, "आज वहिनीला माहेरी पाठव, मग बघ." भावोजींनी खरंच पाठवलं. तो सामना जिंकले. मग दर सामन्याच्या आदल्या दिवशी ताई पिशवी भरून नायगावला यायची. आई तिला म्हणायची, "आलीस गो बाय," आणि जास्त काही विचारायची नाही. शेवटी एकदा भावोजी म्हणाले की आता स्पर्धा संपेपर्यंत तू तिकडेच राहा. त्यावर ताई म्हणाली, "मग स्पर्धा संपल्यावर पण येत नाही."

त्या स्पर्धेत भावोजींचा गुडघा परत धरला आणि ते बाहेर बसले. दोन महिने झाले तशी गावकीची बैठक लागली. आमचं आणि भावोजींचं मूळ गाव एकच, वाड्या वेगळ्या. गावच्या मंडळाची लालबागला एका चाळीत खोली आहे. पूर्वी गावाहून आलेले एकटे गिरणी कामगार तिथे राहायचे. आता तिथे पूजेचं सामान, गणपतीची वर्गणी आणि असली भांडणं असतात. नवरा-बायकोचं फाटलं की गावकीतले चार मोठे पुरुष बसून ते सांधायचं, अशी आमची रीत. आणि बैठक लागली की तोवर त्या दोघांनी परस्पर भेटायचं, बोलायचं नाही. एकमेकांना फूस लावू नये म्हणून.

बैठक रविवारी होती. त्याच्या दोन दिवस आधी भावोजींचा मला फोन आला. ते मला मॅडम म्हणतात.

"मॅडम, तू इंग्लिशवाली ना?"

"थोडीफार."

"थोडीफार काय, बी.ए. करतेस ना? ऐक. एक पिक्चर लागलाय. खेळाडूचा संसार. मी मोबाइलवर त्याची झलक बघितली. शप्पथ सांगतो, आमचीच स्टोरी आहे रे. तो पण असाच, बायकोला मॅचच्या वेळी लांब पाठवतो. पुढचं कळलं नाही, फास्ट बोलतात साले. शनिवारी दुपारची तीन तिकिटं काढतो. ताईला घेऊन ये."

"पण बैठकीच्या आधी भेटायचं नाही ना?"

"भेटतोय कुठे? पिक्चर बघतोय. मध्ये तू बस."

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. भावोजी वाईट नाहीत. माझ्या ॲडमिशनच्या वेळी रांगेत तेच माझ्याबरोबर उभे होते. मला वाटलं, हा माणूस काहीतरी शिकायला बघतोय. आणि एखादी गोष्ट दुसऱ्याच्या आयुष्यात घडताना दिसली की आपली आपल्याला कळते, असं आमच्या मराठीच्या सरांनी नुकतंच वर्गात सांगितलं होतं. माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. ताईला तयार करायला मला एक संध्याकाळ लागली. ती म्हणाली, "बाय, पिक्चरने काय होतं गो?" पण आली.

तर शनिवारी दुपारी परळच्या मॉलमध्ये आम्ही तिघं बसलो. डावीकडे ताई, उजवीकडे भावोजी, मध्ये मी, मांडीवर पॉपकॉर्न. पडद्यावर खाली अक्षरं येत नव्हती. त्यामुळे मला दोन्हीकडे मान वळवून कुजबुजत मराठीत सांगावं लागत होतं. आधी ताईला, मग भावोजींना. मागच्या रांगेतल्या बाईने दोनदा "श्श" केलं.

सुरुवातीला मजा आली. बेसबॉल आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हता.

"हे बघ," भावोजी मला म्हणाले, "चार खुंट आहेत. बॉल मारला की पळत जाऊन शिवायचं. म्हणजे खो-खोच. फक्त बॅट घेऊन."

पलीकडून ताई हळूच म्हणाली, "खो-खोत पोट एवढं सुटलेलं नसतं म्हणावं."

मी ते भावोजींना सांगितलं. ते मोठ्याने हसले. तेवढं एक चांगलं झालं.

गोष्ट अशी होती. एका लहान गावातला हा खेळाडू. त्याला एक मुलगी भेटते, ती जनावरांच्या दवाखान्यात काम करते. पहिल्या पंधरा मिनिटांत तिने एका घोड्याचा पाय बांधला. तो प्रसंग चांगला होता, ताई पुढे सरकून बघत होती. मग लग्न. लग्नानंतर दवाखाना गेला तो गेलाच. त्याचं पुढे काय झालं हे कोणी बोललं नाही. घोडाही परत दिसला नाही. ती बाई मोठ्या घरात मोठ्या खिडकीशी उभी राहून कॉफी प्यायची, बस. तिला मैत्रीण नाही, आई फक्त फोनवर. कपडे धुताना, भांडताना, दमलेली, अशी ती एकदाही दिसली नाही. लग्नावरचा पिक्चर म्हणायचा आणि त्यात लग्नच नाही. नुसती संध्याकाळची पिवळी उन्हं आणि पियानो. कुठे डोळे पुसायचे ते पियानोवाला आधीच सांगत होता.

मग नवऱ्याचे फटके बसेनासे होतात. त्याचे मित्र म्हणतात, लग्न झाल्यापासून तुझं नशीब फिरलं. ते खेळाडू अंधश्रद्धाळू असतात म्हणे. कोणी तेच मोजे घालतो, कोणी दाढी करत नाही. थिएटरात सगळे हसत होते. मोजे, दाढी आणि बायको, सगळं एकाच यादीत. आणि एका रात्री तो तिला म्हणतो की तू थोडे दिवस तुझ्या आईकडे जा.

इथे मला अडखळायला झालं. इंग्लिशमध्ये तो जे बोलला ते फार गोड वाटत होतं. आवाज हलका, डोळ्यांत पाणी, मागे तोच पियानो. पण मला ते मराठीत ताईच्या कानात सांगायचं होतं. मी सांगितलं, "तो म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे. पण तू असलीस की मला मारता येत नाही. तू जा. मी बोलावलं की ये." मराठीत आल्यावर त्याचा सगळा गोडवा निघून गेला. राहिलं ते माझ्याच तोंडून माझ्याच बहिणीला पिशवी भरायला सांगणं.  उजवीकडून भावोजी कोपर मारत होते, "काय म्हणाला? काय म्हणाला तो?" मी त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "बघ! बरोबर. तोच प्रॉब्लेम असतो."  मांडीवरचे पॉपकॉर्न मी खाली ठेवून दिले.

ती जाते. रागवत नाही, काही विचारत नाही. आईच्या घरी बसून टीव्हीवर नवऱ्याचे सामने बघते आणि तो जिंकला की रडता रडता हसते. मला वाटत होतं, आता काहीतरी होईल. आता ती परत दवाखान्यात जाईल, निदान एक कुत्रं तरी बघेल. नाही. मध्यंतरानंतर पाऊण तास ती टीव्हीच बघत होती.

शेवट तर कळसच. सगळ्यात मोठा सामना. तो खेळायला येतो आणि थांबतो. माइक मागवतो. इतक्या मोठ्या स्टेडियमसमोर म्हणतो की मी मूर्ख होतो, ती माझं दुर्दैव नव्हती, ती माझं नशीब आहे, ती आली तरच मी मारीन. आणि ती तिथेच, वरच्या रांगेत असते. अर्थातच असते. पायऱ्या उतरून पळत येते, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि मग तो असा फटका मारतो की बॉल दिव्यांच्या पलीकडे जातो. संपलं.

दिवे लागले. भावोजी रडत होते. रुमाल नव्हता, शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होते. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. ताई सँडलचा पट्टा लावत होती. ती माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "घोड्याचं बरं झालं का शेवटी?"

घरी येताना मला माझ्या रागाचं नाव सापडत नव्हतं. पिक्चर टुकार होता हे एक झालं. टुकार पिक्चर मी पुष्कळ बघते, त्यांचा राग येत नाही. पण ह्यात काहीतरी किळसवाणं होतं आणि ते सुंदर कपड्यांत गुंडाळून दिलं होतं. हळदीकुंकवाला ताईची सासू जे म्हणाली तेच हे. फक्त हे विमानाने आलं होतं आणि त्याला पियानो होता. तरी मी ताईला काही बोलले नाही. मला वाटलं, भावोजी रडले, म्हणजे त्यांना काहीतरी लागलं असणार. मला त्यांच्याबद्दल आशा वाटत होती.

रविवारी सकाळी गावकीच्या खोलीत बैठक बसली. पुरुष सतरंजीवर. आम्ही बायका दाराशी, अर्ध्या आत अर्ध्या गॅलरीत. ताईची सासू पलीकडच्या बाजूला, आईशी न बोलता. चहा फिरला. गावकीचे अध्यक्ष वयाने मोठे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते म्हणाले, "हां, बोला. कोण बोलतो पहिला?"

भावोजी उठून उभे राहिले. बैठकीत कोणी उभं राहून बोलत नाही, बसूनच बोलतात. म्हणून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आणि मला एकदम कळलं की आता काय होणार आहे. 

त्यांनी हात जोडले. "मी सगळ्यांसमोर माफी मागतो," ते म्हणाले. "मी मूर्ख होतो. लोकांचं ऐकलं. हिचा पायगुण वाईट नाही. हीच माझी लक्ष्मी आहे. ही घरी आली, की मी परत मैदानात उतरणार. ह्या सीझनला दाखवतो तुम्हाला."

शब्द थोडे इकडेतिकडे, पण सगळं तेच. जे मी आदल्या दिवशी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून कुजबुजले होते, ते मला आता मोठ्या आवाजात ऐकू येत होतं.

"वा!" अण्णा म्हणाले. "मर्द माणूस! चारचौघांत हात जोडले, अजून काय पाहिजे?"

एकाने टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी. ताईच्या सासूने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "लक्ष्मीच आहे हो माझी, मी कधी नाही म्हटलं?" बाबा मान हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं. आईने ताईला कोपराने हळूच पुढे ढकललं. "ऊठ गो, पाया पड सगळ्यांच्या."

सगळे ताईकडे बघत होते. तिने पायऱ्या उतरून पळत यायचं तेवढं बाकी होतं.

ताई उठली नाही. बसूनच म्हणाली, "मी आले आणि तुम्ही नाही उतरलात, तर?"

"म्हणजे?" भावोजी म्हणाले.

"म्हणजे मी घरी आले, आणि तरी तुम्हाला खेळता आलं नाही. मग मी कोण?"

"असं वाईट कशाला बोलतेस बाय," अण्णा म्हणाले. "चांगल्या वेळी चांगलं बोलावं."

"अण्णा, डॉक्टर काय म्हणालेत ते ह्यांनी तुम्हाला सांगितलं का?"

भावोजींनी मान खाली घातली. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना खरंच कळत नव्हतं की चूक कुठे झाली. मी तरी त्यांना काय सांगणार होते?

"पहिल्यांदा पडले तेव्हाच डॉक्टर म्हणाले, परत मैदानात उतरलात तर गुडघा कायमचा जाईल," ताई म्हणाली. "मी होते बरोबर. मीच रिपोर्ट वाचून दाखवला ह्यांना. हे म्हणाले, कोणाला सांगू नकोस. नाही सांगितलं. पण आता मला घरी नेऊन, लक्ष्मी म्हणून उभं करून, हे उतरणार. आणि पडले की?" तिचा आवाज चढला नव्हता. पेशंटला मूठ घट्ट धरा म्हणून सांगते तसाच होता. "तुमचा गुडघा तुमचा आहे. मी त्याची लक्ष्मी पण नाही आणि अवदसा पण नाही. मला त्यात घेऊ नका. मग या न्यायला."

 मग सगळे एकदम बोलायला लागले. एक काका म्हणाले, "पोरीने नवऱ्याचं चारचौघांत काढलं." दुसरे म्हणाले, "अरे पण डॉक्टरचं आम्हाला का नाही सांगितलंस तू?" सासू म्हणाली, "बघितलंत ना, जिभेचा पट्टा कसा सुटलाय." ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना आता हात कुठे ठेवावेत ते समजत नव्हतं. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले की आता पुढचं गणपतीनंतर बघू, सगळे गावी जायच्या तयारीत आहेत. बैठक उठली. बाबा खोलीतून बाहेर पडले ते आमच्या पुढे पुढे चालत राहिले, थेट नायगावपर्यंत. आई घरी आल्यावर म्हणाली, "सोन्यासारखी माफी मागत होता," आणि पीठ मळायला बसली.

मला तिचा रागही आला आणि नाहीही. तिला ती माफी सोन्यासारखीच वाटली होती. मलाही वाटली असती, जर ती मी आदल्या दिवशी वाक्यावाक्याने मराठीत आणली नसती तर. पिक्चर बनवणाऱ्यांना लालबाग माहीत नाही, हे मला कळतं. त्यांनी काही आमच्या भावोजींना डोळ्यासमोर ठेवून तो शेवट लिहिला नव्हता. पण बायकोला आधी अपशकुनी ठरवायचं आणि मग शकुनाची ठरवून त्यालाच प्रेम म्हणायचं, हे त्यांना तिकडे बसून सुचलं. त्यावर त्यांनी पैसे लावले, आणि कोणालाच मध्ये थांबून वाटलं नाही की ह्या बाईला एकदा तरी विचारावं. हे मला अजून घाण वाटतं.

ताईने तिच्या जुन्या लॅबमध्ये विचारलं. त्यांनी तिला सकाळच्या पाळीला परत घेतलं. पहाटे ती आईच्या आधी उठते, डबा न घेताच जाते, आणि दुपारी येऊन माझ्या शेजारी झोपते तेव्हा तिच्या हातांना स्पिरिटचा वास येत असतो.

बैठकीनंतर पंधरवड्याने भावोजींचा मला मेसेज आला. "मॅडम, पिक्चरमध्ये तर ती आली होती."

मी खूप मोठं उत्तर लिहायला घेतलं. नशीब, पायगुण, मोजे, दवाखाना, सगळं. मग पुसून टाकलं आणि एवढंच लिहिलं, "भावोजी, तो पिक्चर वाईट होता."

लगेच उत्तर आलं. "मग चांगला कसा असता? तू सांग. मी गुडघ्याचं ऑफिसात पण सांगितलंय. आता खेळणार नाही. तिला काय बोलू?"

ताई भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. मी तिला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं, "ऑफिसात पण सांगितलंय" तिथपर्यंत.

मग म्हणाली, "त्यांना लिही, ताई म्हणते, मला विचारा. हिला काय विचारता?"

मी तसंच लिहिलं, एक शब्दही न बदलता.